अमावस्येची सरळ रेघ

१

अमावस्येला चंद्र नसतो असं कुणी म्हणालं की मी वाद घालायचो. चंद्र असतो. पौर्णिमेला असतो तेवढाच आणि तितकाच गोल. त्या दिवशी तो सूर्याच्या बाजूला असतो, सकाळी त्याच्याबरोबर उगवतो, भर दुपारी आपल्या डोक्यावर येतो आणि संध्याकाळी त्याच्याबरोबरच मावळतो. उजेडातली बाजू तिकडे, अंधारातली आपल्याकडे, म्हणून तो आपल्याला दिसत नाही. पाण्याला मात्र तो बरोबर कळतो. दोघं एकाच बाजूने ओढायला लागले की समुद्राला उधाण येतं.

हे मला कळायलाच हवं, कारण माझी नोकरीच ती. धक्क्याच्या टोकाला आमचं भरतीघर आहे. एकावर एक अशा दोन खोल्या. खालच्या खोलीच्या जमिनीत जाड लाकडी झाकण आहे, आणि झाकणाखाली सरळ समुद्रात उतरणारी, माणूस जेमतेम मावेल एवढी लोखंडी नळी. तिला आम्ही विहीर म्हणतो. तळाला लहानसं भोक आहे, त्यातून पाणी आत येतं, लाटा बाहेरच राहतात. त्या पाण्यावर एक तरंगा असतो. तरंग्याची तार झाकणाच्या काठच्या खाचेतून, मग छतातल्या भोकातून वरच्या खोलीत जाते. वर एक पेन आहे आणि सावकाश फिरणारा कागद. पाणी चढलं की पेन चढतं, उतरलं की उतरतं. एवढंच काम. समुद्र स्वतःच स्वतःची हजेरी लावतो, मी शेजारी बसून राहतो.

प्रत्येक बंदराच्या उधाणाची वेळ ठरलेली असते. आमच्याकडे अवसेला आणि पुनवेला पाणी भरतं ते दुपारी पाऊणच्या सुमाराला. बावीस वर्षं मी त्या दिवशी डबा एक वाजता उघडत आलो.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावर आलं. बोट गेली की पेन थरथरतं. तरंगा शिंपल्यांत अडकला की पेन जागच्या जागी थांबतं आणि कागदावर सरळ रेघ उमटते. समुद्र सरळ रेघ काढत नाही, त्यामुळे अशी रेघ म्हणजे आमचा निष्काळजीपणा. मुख्य कचेरीला तीन प्रतींत खुलासा द्यावा लागे. म्हणून आम्ही मूळ कागदाची नक्कल करताना हात फिरवायचो. थरथर काढून टाकायची, सरळ रेघेच्या जागी छान गोलाई द्यायची, आणि नक्कल पाठवून द्यायची. मूळ कागद पेटीत वर्षभर ठेवायचे, मग जाळायचे. आमच्या खात्यात सगळेच हात फिरवतात.

"समुद्राला इस्त्री करतोस तू," असं दादा म्हणायचा.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो त्याच भरतीघरात मिस्त्री होता. विहिरीत उतरून शिंपले खरवडणं, तार बदलणं, तरंगा मोकळा करणं ही त्याची कामं.

२

गेल्या वर्षी एका अमावस्येला दादा विहिरीत बुडून गेला.

चौकशीत जे लिहिलं गेलं ते असं: सकाळी साडेनऊच्या सुमाराला तरंगा अडकला म्हणून तो कुणाला न सांगता आत उतरला. पाणी चढत होतं. त्या दिवशी उधाणाच्या जोडीला वारा होता, पाणी पार झाकणापर्यंत आलं. पाय घसरला असावा. भाऊ वरच्या खोलीत होता, पण शेजारी गाळ काढणारी बोट दिवसभर ठोकत होती, त्यामुळे त्याला काही ऐकू आलं नाही. संध्याकाळी ओहोटीला मृतदेह मिळाला. मृत्यू अंदाजे साडेबाराला.

आमची आई म्हणायची, अमावस्येला नवं काम काढू नये. दादा हसायचा. "आई, तरंगा अडकणं हे जुनंच काम आहे." आई आधीच गेली होती हे बरं झालं.

वहिनी रडल्या नाहीत. दहा-बारा दिवसांनी त्यांनी मला एकच विचारलं.

"भाऊजी, झाकण उघडं होतं ना? म्हणजे वर यायला वाट होती ना ह्यांना?"

"होती," मी म्हणालो. "सताड उघडं होतं."

"मग बरं," त्या म्हणाल्या. "म्हणजे पटकन झालं असेल."

३

पुढच्या अमावस्येला मी नेहमीसारखा वर बसलो होतो. भरती चढत होती. बारा वाजून सहा मिनिटांनी पेन थांबलं.

मी टिचकी मारली. तार जिच्यावरून फिरते त्या कप्पीला तेल घातलं. पेन हलेना. तरंगा अडकला म्हणून खाली गेलो, झाकण उघडलं, बॅटरी मारली. तरंगा मस्त डुलत होता. पाणी चढत होतं, त्याच्याबरोबर तार सरकत होती. छतातल्या भोकापर्यंत ती सरकताना मी डोळ्यांनी पाहिली. पुन्हा वर आलो. वर तार ठप्प. मग मधली तार जात कुठे होती? मी तीन वेळा जिना चढलो-उतरलो. वय पन्नाशीच्या पुढे, धाप लागली.

बारा एकतीसला पेन एकदम उसळलं आणि पाण्याच्या खऱ्या उंचीवर जाऊन बसलं. पुढे सगळं सुरळीत.

मी नकलेवर हात फिरवला. पंचवीस मिनिटांची रेघ होती, गोलाई द्यायला अवघड गेलं नाही.

पंधरा दिवसांनी पौर्णिमा आली. उधाण तेवढंच, वेळही तीच. कप्पीचा दोष असता तर तेव्हाही दिसायला हवा होता. मी घड्याळ समोर ठेवून बसलो, डबासुद्धा उघडला नाही. पेन लोण्यातून सुरी जावी तसं चढलं आणि उतरलं. कागद इतका स्वच्छ होता की इस्त्रीची गरजच नव्हती.

त्यानंतरच्या अमावस्येला पेन अकरा बावन्नला थांबलं. सुटलं बारा एकतीसलाच.

मी स्वतःला समजावलं की लोखंड तापतं, वाकतं. अमावस्येला सूर्य-चंद्र एका बाजूला असतात, ओढ एकीकडून लागते, धक्का जरासा कलत असेल. हे मी एका वहीत व्यवस्थित लिहूनसुद्धा ठेवलं. आज वाचताना लाज वाटते. मला भीती वाटत होती, आणि ती कप्पीची नव्हती.

४

पाचव्या महिन्यात दादाच्या जागी वहिनींना घेतलं. मिस्त्रीचं काम त्यांना कोण देणार? नक्कल करायला बसवलं. मी पत्राने विरोध केला होता. बाईमाणसाला धक्क्याच्या टोकाला बसणं सोयीचं नाही वगैरे. उत्तर आलं की आपली काळजी नोंदवून घेतली आहे.

वहिनींचं अक्षर मोत्यासारखं आणि हात स्थिर. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना हात फिरवायला शिकवू लागलो.

"पण हे पेनानं काढलंय ना?" त्या म्हणाल्या.

"काढलंय. पण ते खरं नाही."

"मग खरं काय?"

"खरं म्हणजे, ते अडकलं नसतं तर जसं आलं असतं तसं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि थरथरीसकट सगळी नक्कल केली. एकेक दात उमटवला. मुख्य कचेरीचं खवचट पत्र आलं, त्यांनी ते पाकिटासकट फाईलला लावलं. नाकासमोर चालणारं माणूस. दादा घरी येऊन सांगायचा, "हिच्यापुढे एक थाप पचत नाही माझी." मला तेव्हा गंमत वाटायची.

सहावी अमावस्या आली. सकाळी मी त्यांना सुट्टी घ्या म्हणालो. त्यांनी घेतली नाही. दहा छप्पन्नला पेन थांबलं.

"भाऊजी, हे काय?"

"कप्पी जुनी झालीय."

त्या उठून खाली गेल्या. झाकण उघडल्याचा आवाज आला. बराच वेळ त्या वर आल्याच नाहीत. आल्या तेव्हा पदराचं टोक ओलं होतं. त्यांनी खुर्ची तारेजवळ ओढली आणि दोन बोटांनी तार धरली, नाडी बघावी तशी. बारा एकतीसला पेन उसळेपर्यंत त्यांनी ती सोडली नाही.

"गार होती," एवढंच म्हणाल्या. "मग एकदम सैल झाली."

५

त्यानंतर वहिनी पेटीतले मूळ कागद काढून बसू लागल्या. दुपारी, उजेडात, खिडकीपाशी. मी समोर बसून जुन्या तक्त्यांच्या बेरजा तपासायचो. त्या बेरजा कधीच चुकलेल्या नव्हत्या.

अकरावी अमावस्या झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळे कागद टेबलावर ओळीने मांडले.

"सुटायची वेळ एकच आहे. बारा एकतीस. धरायची वेळ दर महिन्याला चौदा मिनिटं अलीकडे येते."

'धरायची' हा त्यांचा शब्द. मी 'अडकायची' असं म्हणालो. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

"त्या दिवसाचा कागद नाहीये ह्यात."

"चौकशीला नेला."

"चौकशीच्या यादीत नाही तो. मी विचारलं." त्यांचा आवाज चढला नव्हता. "राहू दे. उलट मोजलं की कळतं. त्या दिवशी बारा वीस ते बारा एकतीस. अकरा मिनिटं. भाऊजी, ह्यांनी तार धरली होती. हाक ऐकू जात नाही म्हटल्यावर ह्यांना सुचलं असेल. वर माझा भाऊ बसलाय, त्याचा डोळा पेनावर असतो, रेघ सरळ आली की तो धावत येईल."

मी टेबलावरच्या एका कागदाची कड सरळ केली.

"तुम्ही बघितली नव्हती ती रेघ?"

"मी जेवत होतो, वहिनी."

"उधाणाच्या दिवशी तुम्ही एकला जेवता."

बाहेर एक मच्छीमार दोरखंड ओढत दुसऱ्याला शिव्या घालत होता. त्या शिव्या मी मन लावून ऐकल्या.

"आणि पुढे मोजलं," वहिनी म्हणाल्या, "तर येत्या अमावस्येला नऊ बत्तीस येतात. नऊ बत्तीसला काय झालं होतं, भाऊजी? झाकण उघडं होतं, तर ह्यांनी तार कशाला धरावी? चढून वर नसते आले?"

मला ठाऊक नाही, असं मी म्हणालो. मग चहा करायला उठलो आणि साखर घालायला विसरलो.

६

नऊ बत्तीसला काय झालं ते मला ठाऊक आहे. कागदावर ते स्पष्ट होतं, म्हणूनच मी तो जाळला.

त्या सकाळी मी टपाल टाकायला गेलो होतो. परत आलो तर खालच्या खोलीत झाकण उघडं, आणि वारा विहिरीत घुसून वर पेन वेड्यासारखं थरथरत असल्याचा आवाज येतोय. झाकण उघडं टाकून जायची दादाची जुनी खोड. मी त्याच्या नावाने बडबडलो. आत डोकावलो नाही. झाकण लोटलं, वाऱ्याने उडू नये म्हणून कडी घातली आणि वर गेलो. पेन शांत झालं होतं. कागदावर थरथर जिथे संपली तिथे नऊ बत्तीस वाजले होते.

बोट ठोकत होती. मधूनमधून दुसरीही ठोकठोक आहे असं वाटलं. बोटीचीच म्हणून सोडून दिली. बारा वीसला पेन थांबलं. मला वाटलं, तरंगा अडकला, आता दादा येईल तेव्हा बघेल. पेन्सिल घेतली आणि गोलाई कशी द्यायची ते आखू लागलो. अकरा मिनिटं आखत होतो. तो खालून मला हाक मारत होता आणि मी ती खोडत बसलो होतो.

संध्याकाळी कडी काढली ती मीच. मग झाकण सताड उघडून ठेवलं आणि लोकांना बोलावलं.

आता वहिनींना सांगायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. एकोणतीस दिवस मी तो घोकला. सांगितलं तर त्या माझं तोंड बघणार नाहीत. माझं दुसरं कुणी नाही. लग्न केलं नाही, दादाच्या घरीच जेवलो, त्याच्या घरचा अंगण झाडायचा खराटासुद्धा मीच आणलेला. न सांगितलं तर त्या मोजत राहणार. रोज सकाळी ठरवायचो आणि धक्क्यावर पाऊल टाकलं की उद्यावर ढकलायचो.

७

बाराव्या अमावस्येला आकाश लख्ख होतं. वारा नव्हता. गाळाची बोट कधीच गेली होती. एवढी शांतता की वरच्या घड्याळाची टिकटिक खालच्या खोलीत ऐकू येत होती.

वहिनी म्हणाल्या, "मी पेनापाशी बसते. तुम्ही खाली थांबा. झाकण उघडं ठेवा. आज काही झालं तरी ते लावायचं नाही."

"बरं."

"काही दिसलं तर मला हाक मारा."

"हो, वहिनी."

त्या जिना चढून गेल्या. मी झाकण उघडलं, भिंतीला टेकवलं आणि काठाशी उकिडवा बसलो. पाणी खाली आठ-दहा फुटांवर होतं, काळं आणि गुळगुळीत. तरंगा डुलत होता. दारातून आलेलं ऊन माझ्या पाठीवर होतं. नऊ पंचवीस झाले. मी मनात वाक्य जुळवत होतो. वहिनी, झाकण मी लावलं होतं. एवढंच वाक्य. ते म्हणून झालं असतं तर कदाचित पुढचं घडलं नसतं, असं मला अजून वाटतं.

"नऊ तीस," वरून आवाज आला.

तार सरकत होती. मी तिच्यावर नजर ठेवली. मग सरकायची थांबली. या वेळी वर नव्हे, खालीच. तरंग्याच्या थोडं वर तिच्याभोवती काहीतरी होतं. शिंपल्यांचा झुबका असेल म्हणून मी वाकलो. चार बोटं होती. पेरं पांढरी पडलेली. आणि अंगठ्याला चिकटपट्टी. त्या सकाळी पत्र्याने दादाचा अंगठा कापला होता, पट्टी मीच लावून दिली होती, घाईत, तिरकी. तिरकीच होती.

बोटांखालचं पाणी उजळू लागलं, जसं कुणी तोंड वर करून यावं.

मी झाकण ओढलं. कडी घातली आणि वर बसलो. हे सगळं हातांनी केलं असं म्हणणं सोपं आहे. मी केलं.

"भाऊजी! पेन थांबलं!"

मग खालून आवाज आला. पहिली ठोक माझ्या मांडीखालीच लागली. थोडं थांबून दोन. मग सलग, उघड्या तळव्याने. माणूस दार वाजवतो तशी. चिडलेली नव्हती. धाकट्या भावाने चुकून कडी लावली असेल, आता काढेल, अशी.

वहिनी जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी मला पाहिलं, झाकण पाहिलं, कडी पाहिली. आवाज त्यांनाही येत होता. त्यांच्या चेहऱ्यावरून समजलं.

"उठा, भाऊजी."

मी उठलो नाही.

"उठा हो. पाया पडते तुमच्या. उठा."

त्यांनी माझा दंड धरून ओढला. काडीएवढी बाई, माझं वजन हलेना. त्यांनी मला मारलं, कडीत बोटं घालून सोलून घेतली, लाकडावर गाल टेकून त्यांनी त्याला नावाने हाक मारली. नाव घेताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. खालून ठोकणं क्षणभर थांबलं, आणि मग दुप्पट सुरू झालं.

मला उठायचं होतं, हे मी शपथेवर सांगतो. उघडलं आणि तो नसला, तर मी वेडा. उघडलं आणि तो असला, तर तो मला विचारणार. या दोन्हींच्या मध्ये मी तीन तास बसलो. दारातलं ऊन सरकत सरकत भिंतीला गेलं. पाणी चढलं. वारा नव्हता तरी ते झाकणाला लागलं आणि फटीतून झिरपून माझी विजार ओली झाली. बाराच्या पुढे ठोकणं विरळ झालं, मग नुसतं खरवडणं. वहिनींनी ओढणं केव्हाच सोडलं होतं. त्या शेजारी जमिनीवर बसून झाकणावर तळहात ठेवून होत्या.

बारा एकतीसला वर पेन उसळल्याचा आवाज आला.

त्यानंतर मी उठलो. कडी काढली, झाकण उघडलं. काठोकाठ पाणी होतं, त्यावर तरंगा डुलत होता, बाकी काही नव्हतं. झाकणाच्या खालच्या बाजूकडे मी पाहिलं नाही. वहिनींनी पाहिलं.

त्यांनी वर जाऊन आपला डबा आणि छत्री आणली. दारात थांबल्या. माझ्याकडे पाठ होती, समोर उन्हाने समुद्र पांढरा झाला होता.

"त्या दिवशी बोट ठोकत होती," त्या म्हणाल्या. "तुम्हाला ऐकू आलं नसेल. कडी तुमच्याच हातून लागली असेल, हे मला कळलं होतं. कधीच कळलं होतं. ते मी गिळलं असतं, भाऊजी."

मी पायांकडे बघत होतो.

"पण आज तर ऐकू आलं ना?"